ऑस्ट्रेलियात घरी सोलर बॅटरी बसवताना मिळणारी सरकारी सवलत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑस्ट्रेलियात ४० लाखांहून जास्त छपरांवर सोलर पॅनल आहेत. दुपारी घरात कुणी नसतं, तेव्हा ती वीज ग्रिडला जाते आणि तिचे हाती जेमतेम काही सेंट पडतात. संध्याकाळी घर भरलं की तीच वीज कितीतरी महाग दरानं परत विकत घ्यावी लागते. १ जुलै २०२५ पासून केंद्र सरकारनं बॅटरीवर सवलत सुरू केल्यापासून घरोघरी क्वोट मागवले जात आहेत. १ मे २०२६ पासून या सवलतीचे नियम बदलले, त्यामुळे आधी बसवलेल्या मित्राचा आकडा आता तुम्हाला लागू होणार नाही. खालचे प्रश्न त्यातूनच येतात.

ही सवलत मिळते कशी? सरकार आपल्या खात्यात पैसे जमा करतं का?

नाही. सरकारी खात्याकडे अर्ज करून नंतर पैसे परत मिळवण्याची ही योजना नाही. तिचं नाव ‘चीपर होम बॅटरीज प्रोग्रॅम’. छपरावरच्या पॅनलना बरीच वर्षं ज्या रीतीनं सूट मिळते, तीच रीत इथे वापरली आहे. बॅटरीच्या क्षमतेनुसार काही ‘एसटीसी’ (स्मॉल-स्केल टेक्नॉलॉजी सर्टिफिकेट) प्रमाणपत्रं तयार होतात. वीज विकणाऱ्या कंपन्यांना कायद्यानं अशी प्रमाणपत्रं विकत घ्यावीच लागतात, म्हणून त्यांना बाजारभाव असतो. बॅटरी बसवताना तुम्ही एका फॉर्मवर सही करून ही प्रमाणपत्रं इन्स्टॉलरच्या किंवा त्याच्या एजंटच्या नावे करता आणि तो तेवढी रक्कम बिलातून आधीच वजा करतो.

मनात असेल तर प्रमाणपत्रं स्वतः नोंदवून विकताही येतात. पण मग पूर्ण किंमत आधी खिशातून भरावी लागते आणि कागदपत्रांची कटकट वेगळी. बहुतेकांनी त्या वाटेला जाऊ नये.

क्वोटवर मात्र तीन आकडे वेगवेगळे लिहून मागा: सवलतीआधीची किंमत, एसटीसींची संख्या आणि एका एसटीसीला धरलेला भाव. फक्त ‘सवलत धरून एवढे’ असं लिहून दिलं असेल, तर सवलतीतला किती भाग तुमच्यापर्यंत पोचला ते कळायला मार्ग नाही.

नेमके किती पैसे सुटतात?

हिशोब सोपा आहे. बॅटरीची वापरता येण्याजोगी क्षमता किती युनिट (म्हणजे किलोवॅट-तास), त्याला सरकारनं त्या काळासाठी ठरवलेल्या गुणकानं गुणायचं. अपूर्णांक सोडून द्यायचा आणि उरलेल्या संख्येला एसटीसीच्या भावानं गुणायचं. भाव जास्तीत जास्त ४० डॉलर धरा. एजंट आपला खर्च कापून घेतो, त्यामुळे प्रत्यक्षात हाती थोडं कमी येतं.

गुणक २०२५ मध्ये ९.३ होता. जानेवारी ते एप्रिल २०२६ मध्ये ८.४ झाला. मे ते डिसेंबर २०२६ साठी ६.८ आहे, पुढे २०२७ च्या पहिल्या सहामाहीत ५.७ आणि दुसरीत ५.२. असा दर सहा महिन्यांनी उतरत २०३० अखेर योजना संपते.

साडेतेरा युनिटची बॅटरी घेऊ. २०२५ मध्ये तिला १२५ प्रमाणपत्रं मिळाली असती, म्हणजे ५,००० डॉलरपर्यंत. मे २०२६ नंतर ९१ मिळतात, म्हणजे ३,६४० डॉलरपर्यंत.

बॅटरी जितकी मोठी तितकी सवलत जास्त, हे खरं ना?

एप्रिल २०२६ पर्यंत खरं होतं आणि तिथेच घोळ झाला. ५० युनिटपर्यंत प्रत्येक युनिटला सारखीच सवलत होती. बॅटरी मोठी असली की दर युनिटमागची किंमत तशीही कमी पडते. त्यामुळे चार माणसांच्या घरातही ३०-४० युनिटच्या बॅटऱ्या बसू लागल्या. सुरुवातीला धरलेले २.३ अब्ज डॉलर या वेगात पुरणार नाहीत हे काही महिन्यांतच दिसलं. डिसेंबर २०२५ मध्ये सरकारनं तरतूद वाढवून अंदाजे ७.२ अब्ज केली आणि त्याचबरोबर मोठ्या बॅटरीवरची सवलत आवळली.

आता पहिल्या १४ युनिटना पूर्ण गुणक लागतो. १४ ते २८ मधल्या युनिटना त्याच्या ६० टक्के आणि २८ ते ५० मधल्यांना फक्त १५ टक्के. ४० युनिटच्या बॅटरीला एप्रिल २०२६ पर्यंत ३३६ प्रमाणपत्रं, म्हणजे १३,४४० डॉलरपर्यंत मिळत होते. मे नंतर त्याच बॅटरीला १६४ प्रमाणपत्रं, म्हणजे ६,५६० डॉलरपर्यंत. निम्म्याहूनही कमी. हा बदल योग्यच झाला असं माझं मत आहे. कुणाच्या गॅरेजमध्ये अर्धी रिकामी राहणारी बॅटरीची किंमत सगळ्यांच्या पैशानं का भरायची?

मग माझ्या घराला किती युनिटची बॅटरी लागेल?

हा प्रश्न सवलतीच्या आधी विचारायचा असतो, पण बहुतेक जण सेल्समन समोर बसल्यावर विचारतात. आणि त्याचं उत्तर सहसा ‘मोठीच घ्या’ असं असतं.

उत्तर तुमच्या मीटरमध्ये आहे. स्मार्ट मीटर असेल तर वीज कंपनीच्या अॅपवर किंवा तुमच्या भागातल्या वितरण कंपनीच्या पोर्टलवर दिवसभराच्या वापराची बारीक नोंद मिळते. त्यातून दोन आकडे काढा. एक, सूर्य मावळल्यापासून दुसऱ्या दिवशी पॅनल कामाला लागेपर्यंत ग्रिडमधून किती युनिट घेतले. दुसरा, दिवसा किती युनिट ग्रिडला दिले. या दोन्हींतला लहान आकडा तो तुमच्या बॅटरीचा अंदाज. रात्री १० युनिट लागतात पण दिवसा ६ च उरतात, तर २० ची बॅटरी भरणार कशानं?

एकाच महिन्याचा आकडा मात्र धरू नका. मेलबर्नच्या जूनमध्ये पॅनल कसंबसं घरापुरतं देतात आणि त्याच महिन्यात हीटर सर्वात जास्त चालतो. जानेवारीत नेमकं उलट. वर्षातल्या चारही ऋतूंतला एकेक आठवडा बघा. गॅसचा हीटर किंवा गॅसची शेगडी काढून विजेवर जायचा विचार असेल, तर तो वाढीव वापरही धरा. घरी इलेक्ट्रिक गाडी येणार असेल तर प्रश्न थोडा वेगळा होतो: गाडी दुपारी घरी उभी राहते का? राहत असेल तर ती थेट पॅनलवर भरता येते. एका बॅटरीतून दुसरी बॅटरी भरण्यात वाटेत वीज वाया जाते.

आणखी एक बारकावा. माहितीपत्रकावर ठळक छापलेला आकडा बहुधा एकूण क्षमतेचा असतो. वापरता येणारी क्षमता त्याहून थोडी कमी असते आणि प्रमाणपत्रं त्याच आकड्यावर मोजली जातात.

पात्रतेच्या अटी काय आहेत?

उत्पन्नाची अट नाही. घर, छोटा व्यवसाय किंवा सामुदायिक संस्था, कुणालाही चालतं. बॅटरी नवी हवी आणि जुन्या किंवा नव्या सोलर पॅनलना जोडलेली हवी. पॅनलशिवाय नुसत्या बॅटरीला सवलत नाही. एकूण क्षमता ५ ते १०० युनिटमध्ये हवी, प्रमाणपत्रं मात्र पहिल्या ५० वापरण्याजोग्या युनिटपर्यंतच. बॅटरी आणि इन्व्हर्टर (पॅनलची आणि बॅटरीची वीज घरात वापरण्याजोगी करणारं यंत्र) क्लीन एनर्जी कौन्सिलच्या मान्य यादीत हवेत आणि बसवणाऱ्याकडे सोलर अॅक्रेडिटेशन ऑस्ट्रेलियाची बॅटरीसाठीची मान्यता हवी. ग्रिडला जोडलेली बॅटरी व्हीपीपीला, म्हणजे अनेक घरांतल्या बॅटऱ्या एकत्र चालवणाऱ्या व्यवस्थेला, जोडता येण्याजोगी असावी लागते. त्याबद्दल खाली लिहिलं आहे.

आज लहान घेऊन पुढच्या वर्षी वाढवली, तर दोनदा सवलत मिळेल का?

नाही. एका जोडणीला, म्हणजे एका एनएमआय क्रमांकाला, ही सवलत एकदाच. योजनेआधीची, कोणतीही केंद्रीय सवलत न घेतलेली बॅटरी असेल, तर तिच्यात भर घालताना वाढीव क्षमतेवर सवलत मिळू शकते. ती भर निदान ५ युनिटची हवी.

आता घाई करू की किमती उतरेपर्यंत थांबू?

गुणक दर सहा महिन्यांनी उतरतो, म्हणून ‘शेवटचे काही दिवस’ अशी जाहिरात दर सहा महिन्यांनी येणारच. तिच्यात किती दम आहे ते आकड्यांत बघा. साडेतेरा युनिटच्या बॅटरीला डिसेंबर २०२६ मध्ये ३,६४० डॉलरपर्यंत आणि जानेवारी २०२७ मध्ये ३,०४० डॉलरपर्यंत मिळतात. फरक ६०० डॉलरचा. रक्कम लहान नाही, पण तेवढ्यासाठी पहिल्याच क्वोटवर डोळे मिटून सही करू नये. चांगल्या आणि वाईट क्वोटमध्ये याहून मोठा फरक सहज पडतो.

सवलतीची उतरण ठरवून आखलेली आहे, कारण बॅटऱ्यांच्या किमतीही उतरतील असा हिशोब आहे.

घाईतला खरा धोका तारखेचा. गुणक बॅटरी बसल्याच्या तारखेवरून ठरतो, अॅडव्हान्स भरल्याच्या किंवा सही केल्याच्या तारखेवरून नाही. नोव्हेंबरमध्ये बुकिंग केलं आणि माणसं जानेवारीत आली, तर जानेवारीचा गुणक लागणार. हा फरक कोण सोसणार ते करारात लिहून घ्या. तोंडी आश्वासनावर विसंबू नका.

व्हीपीपी म्हणजे काय? त्यात जावंच लागतं का?

हजारो घरांतल्या बॅटऱ्या इंटरनेटवरून एकत्र चालवायच्या आणि ग्रिडवर ताण आला की त्यांतून वीज ओढायची, अशी ही व्यवस्था. तिचं पूर्ण नाव ‘व्हर्च्युअल पॉवर प्लांट’. केंद्राची अट इतकीच आहे की तुमची बॅटरी त्यात जाऊ शकेल अशी असावी. प्रत्यक्ष जायचं की नाही, ते तुमच्यावर. काही सेल्समन ‘आमच्या व्हीपीपीत आलं नाही तर सवलत नाही’ असं सांगतात. केंद्राच्या सवलतीपुरतं ते साफ खोटं आहे. राज्याच्या काही सवलतींना मात्र ही अट आहे.

गेलात तर काय मिळतं? कुठे एकरकमी बोनस, कुठे दरमहा बिलात सूट, कुठे ग्रिडला दिलेल्या युनिटला चढा दर. बदल्यात बॅटरीवरचा काही ताबा जातो. सही करण्याआधी चार गोष्टी विचारा: वर्षातून किती वेळा बॅटरी रिकामी करणार, तळाशी किती टक्के माझ्यासाठी राखून ठेवणार, त्यासाठी ठरावीक वीज कंपनीचाच प्लॅन घ्यावा लागेल का, आणि बाहेर पडायचं झालं तर बोनस परत द्यावा लागेल का. बॅटरी जास्त वेळा भरून रिकामी केल्यामुळे वॉरंटी कमी होते का, हे बॅटरी बनवणाऱ्याच्या कागदात बघा. व्हीपीपीवाल्याच्या तोंडच्या उत्तराला तिथे अर्थ नाही.

आकडेमोडीची आवड असेल आणि रोज अॅप उघडून बघायला मजा वाटत असेल, तर जरूर जा. ज्यांना बॅटरी बसवून विसरून जायचं आहे, त्यांनी पहिलं वर्ष बाहेर राहावं.

केंद्राची सवलत घेऊन राज्याचीही घेता येते का?

जिथे आहे तिथे घेता येते. न्यू साउथ वेल्समध्ये बॅटरी बसवण्यावरची जुनी सवलत जून २०२५ अखेर थांबली. जुलै २०२५ पासून तिथे व्हीपीपीला जोडल्यावर, बॅटरीच्या आकारानुसार सुमारे १,५०० डॉलरपर्यंत मिळू लागले. वेस्टर्न ऑस्ट्रेलियात सिनर्जी या वीज कंपनीच्या ग्राहकांना युनिटमागे १३० डॉलर, म्हणजे कमाल १,३०० मिळतात. हॉरायझन पॉवर ही कंपनी वीज देते त्या दूरच्या भागांत युनिटमागे ३८०, म्हणजे कमाल ३,८००. दोन्हीकडे व्हीपीपी सक्तीची आहे. घराचं उत्पन्न २ लाख १० हजार डॉलरच्या आत असेल तर १० हजारांपर्यंत बिनव्याजी कर्जही आहे. कॅनबेराच्या एसीटीमध्ये (राजधानी प्रदेशात) १५ हजार डॉलरपर्यंत ३ टक्के व्याजानं कर्ज मिळतं.

व्हिक्टोरियाचं बॅटरीसाठीचं बिनव्याजी कर्ज २०२५ मध्ये बंद झालं आणि क्वीन्सलँडची ‘बॅटरी बूस्टर’ सवलत त्याच्याही आधी, २०२४ मध्ये. जुने व्हॉट्सअॅप मेसेज अजून फिरत असतात, ते सोडून द्या.

हे सगळं करून पैसे कधी वसूल होतील?

एक उदाहरण मांडू. आकडे आपापले घाला. समजा विजेचा दर ३२ सेंट आहे, ग्रिडला दिलेल्या विजेचे ४ सेंट मिळतात आणि रात्री बॅटरीतून १० युनिट वापरले जातात. १० युनिट मिळवायला बॅटरीत सुमारे ११ भरावे लागतात, कारण आत-बाहेर करताना दहाएक टक्के वाया जाते. वाचले ३ डॉलर २० सेंट, बुडाले ग्रिडचे ४४ सेंट. रोजची निव्वळ बचत २ डॉलर ७६ सेंट. वर्षातले ३०० दिवस बॅटरी पुरेशी भरली असं धरलं तर साधारण ८३० डॉलर. सवलत वजा करून बॅटरी ८,००० ला पडली तर जवळजवळ १० वर्षं लागतात, आणि बहुतेक बॅटऱ्यांची वॉरंटीही १० वर्षांचीच असते.

रात्रीचा वापर तेवढाच ठेवून बॅटरी तिप्पट मोठी घेतली तर बचत तेवढीच राहते, बिल मात्र वाढतं. ‘चार वर्षांत पैसे वसूल’ असं क्वोटवर छापलेलं दिसलं, तर रात्रीचा वापर किती धरला आहे ते विचारा.

संध्याकाळी खूप महाग आणि दुपारी स्वस्त असा वेळेनुसार दराचा प्लॅन असेल, तर चित्र बरंच सुधारतं. ग्रिडला दिलेल्या विजेचे आता फारसे पैसे मिळत नाहीत, हेही बॅटरीच्या पथ्यावर पडतं. व्हिक्टोरियात २०२५-२६ साठीचा किमान दर युनिटला ०.०४ सेंट इतका खाली आला होता, म्हणजे फुकटच.

दुपारी तीन तास वीज फुकट मिळणार आहे म्हणे. मग बॅटरी कशाला?

‘सोलर शेअरर’ नावाचा हा प्रकार जुलै २०२६ पासून न्यू साउथ वेल्स, आग्नेय क्वीन्सलँड आणि साउथ ऑस्ट्रेलियासाठी आखला आहे. घरावर पॅनल नसले तरी तो मिळतो. कपडे, भांडी, गरम पाणी आणि गाडी दुपारच्या त्या तासांत उरकता येत असेल, तर रात्रीचा वापरच कमी होतो आणि बॅटरी लहान पुरते. उलट बॅटरी असेल तर ढगाळ दिवशी ती त्या तासांत ग्रिडवरून फुकट भरून ठेवता येते. प्लॅनमधले बाकीचे दर आणि रोजचा स्थिर आकार मात्र नीट वाचा.

लाइट गेल्यावर घर चालू राहील ना?

आपोआप नाही. बॅटरीला बॅकअप वेगळा मागावा लागतो. अनेक स्वस्त क्वोटमध्ये तो नसतो आणि असला तरी ठरावीक सर्किटपुरता असतो: फ्रिज, दिवे, वायफाय. सगळं घर चालवायचं तर खर्च वाढतो. तीन फेजची जोडणी असेल तर आणखी विचारून घ्या, कारण एका फेजवरच्या बॅटरीनं दुसऱ्या फेजवरचा एसी चालणार नाही.

बॅटरी कुठे बसवता येते?

राहण्याच्या खोलीत नाही, छताच्या पोकळीत नाही, जिन्याखाली नाही. राहत्या खोलीच्या खिडकी-दारापासून ६०० मिलिमीटरचं अंतर लागतं, गरम पाण्याच्या टाकीपासून आणि एसीच्या बाहेरच्या युनिटपासूनही. पलीकडे बेडरूम असलेल्या भिंतीवर बसवायची तर मध्ये आग न पकडणारा पत्रा किंवा बोर्ड लावावा लागतो. गॅरेज किंवा घराची सावलीतली बाजू बहुतेकांना सोयीची पडते. गॅरेजमध्ये गाडीचा धक्का लागू नये म्हणून पुढे खांब लावावा लागू शकतो, त्याचा खर्च क्वोटमध्ये आहे का पाहा. घर न बघता, फोटोवरून दिलेला क्वोट नेमका इथेच नंतर वाढतो.

भाड्याच्या घरात किंवा अपार्टमेंटमध्ये?

भाड्याच्या घरात निर्णय घरमालकाचा. अपार्टमेंटमध्ये ओनर्स कॉर्पोरेशनची (इमारतीतल्या मालकांच्या संस्थेची) परवानगी लागते आणि स्वतःचे पॅनल नसतील तर गाडी तिथेच अडते.

ग्रिडला दिलेल्या विजेसाठीचा माझा जुना ४४ सेंटचा दर चालू आहे. बॅटरी बसवू का?

क्वीन्सलँड आणि साउथ ऑस्ट्रेलियात असे काही भाग्यवान अजून आहेत. हा दर २०२८ मध्ये संपतो. तोवर बॅटरीत वीज साठवणं म्हणजे स्वतःच्याच खिशातून पैसे काढणं. शिवाय सिस्टिममध्ये बदल केल्यानं तो दर जाऊही शकतो. वितरण कंपनीकडून लेखी उत्तर घेतल्याशिवाय काहीही करू नका.

दारावर आलेल्या माणसाला अॅडव्हान्स दिला. आता काय करू?

तुम्ही न बोलावता कुणी दारावर आलं किंवा फोन करून करार केला, तर ऑस्ट्रेलियाच्या ग्राहक कायद्यानुसार कामाचे १० दिवस कारण न देता करार रद्द करता येतो. ईमेलनं लेखी कळवा आणि त्याची प्रत ठेवा. पुढच्या वेळी ‘न्यू एनर्जी टेक कन्झ्युमर कोड’ मान्य विक्रेत्यांच्या यादीत कंपनीचं नाव आहे का ते आधी बघा. सवलतीसाठी हे नाव असणं सक्तीचं नाही, पण तक्रार करायची वेळ आली तर उपयोगी पडतं.

काम झाल्यावर कोणते कागद हातात हवेत?

विद्युत सुरक्षेचं प्रमाणपत्र, एसटीसी फॉर्मची प्रत, बॅटरी आणि इन्व्हर्टरचे सीरियल नंबर, बनवणाऱ्याची आणि बसवणाऱ्याची वेगवेगळी वॉरंटी, ग्रिडला जोडणीची वितरण कंपनीची मंजुरी. अॅपचं मुख्य खातं तुमच्या ईमेलवर आहे ना, इन्स्टॉलरच्या नाही ना, तेही त्याच दिवशी तपासा. आणि घराचा विमा असलेल्या कंपनीला बॅटरी बसवल्याचं कळवा. काही वर्षांत क्लीन एनर्जी रेग्युलेटरचा (ही प्रमाणपत्रं सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेचा) तपासनीस पाहणीसाठी वेळ मागेल, तर दचकू नका. त्यांची अशी निवडक तपासणी चालूच असते.